सभेचा बुडालेला रोज

अथेन्सच्या प्निक्स टेकडीवर नागरिकांची सभा भरे. युद्ध की तह, हे तेथे हात वर करून ठरे. स्त्रिया, गुलाम आणि परके मात्र सभेबाहेर. आपल्याकडे १९९६च्या पेसा कायद्याने शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे यांतील ग्रामसभांना विशेष अधिकार मिळाले. मतदारयादीतली प्रत्येक बाई, प्रत्येक पुरुष या सभेचा सदस्य. अथेन्सपेक्षा हे दार कितीतरी रुंद.

पण दिवाळी सरली की अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यांच्याविना भरते. जंगल, जमीन, घरकुल यांचे ठराव ज्यांच्याविषयी होतात, ते तेव्हा विटा थापत असतात.

अथेन्सलाही सभेला माणसे जमेनाशी झाली. तेव्हा इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास हजेरीचे पैसे देणे सुरू झाले. गरिबाला सभेसाठी रोज बुडवणे परवडत नाही, हे त्या अन्यथा संकुचित लोकशाहीने ओळखले होते. आपण निदान महत्त्वाचे ठराव बिऱ्हाडे हलण्यापूर्वी घेऊ शकतो.