धंद्याची बोली : मुंबई ते कँटन

आजचा भाग सुकापूरच्या घरातूनच रेकॉर्ड केलाय, मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

विषयही घरातूनच निघालाय. माझ्या मामाचं पनवेलमध्ये लाइटचं दुकान आहे. माल चीनमधून येतो, न्हावा शेव्याला उतरतो. मागे मामा ग्वांगझूला गेला होता, तेव्हा एजंट कारखानदाराशी वीस मिनिटं बोलला, हसला, चहा प्यायला आणि मामाकडे वळून म्हणाला, "शेठ, रेट फायनल आहे." वीस मिनिटांचं भाषांतर एवढंच! तेव्हापासून मामाचा लकडा सुरू आहे : नोकरी सोड, वर्षभर तिथल्या विद्यापीठात भाषा शिक, मग दोघं मिळून धंदा बघू. आई म्हणते, चांगली चालू नोकरी कोणी सोडतं का? निर्णय होईना म्हणून मी वाचायला बसलो. कळलं असं, की मामाची अडचण अडीचशे वर्षं जुनी आहे.

ग्वांगझू म्हणजे जुनं कँटन. १७५७ साली चिंग घराण्याच्या छ्येनलुंग बादशहाने युरोपीय जहाजांचा व्यापार या एकाच बंदरावर आणला. परदेशी व्यापाऱ्यांनी नदीकाठच्या वखारींतच राहायचं, तटाच्या आत शिरायचं नाही, हंगाम संपला की मकावला निघायचं. सौदा फक्त परवाना मिळालेल्या चिनी व्यापाऱ्यांशी. ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फ्लिंट हा चिनी येणारा इंग्रज १७५९ मध्ये तक्रार घेऊन थेट थ्येनचिनपर्यंत गेला. त्याला मकावमध्ये तीन वर्षांची कैद झाली. ज्या चिनी माणसाने अर्ज लिहायला मदत केली, त्याला मात्र देहदंड. त्यानंतर परदेशी माणसाला चिनी शिकवणं हाच गुन्हा ठरला.

मग बोलायचे कसे? चिनी लोकांनीच तोड काढली. इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत लिहिलेल्या छोट्या पुस्तिका निघाल्या आणि एक मोडकीतोडकी बोली तयार झाली : पिजिन. हा शब्द म्हणजे 'बिझनेस'चा चिनी तोंडातला उच्चार, असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे त्या बोलीचं नावच 'धंदा'! त्यात आपलेही शब्द होते. शिक्का किंवा परवाना याला 'चॉप' म्हणत, ती आपली छाप. 'श्रॉफ' म्हणजे सराफ. हाँगकाँगच्या पार्किंगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीवर ती पाटी आजही दिसते.

हे शब्द तिथे नेणाऱ्यांत मुंबईचे व्यापारीही होते. आपल्या बंदरातून कापूस जायचा आणि माळव्याची अफूही. जमशेटजी जीजीभाई तरुणपणी पाच वेळा चीनला गेले. १८०५ च्या सफरीत त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन होता, पुढे अफूच्या व्यापारातला त्यांचा मोठा भागीदार. जमशेटजींच्या दानातून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयाच्या पायात कापूस आहे तशी अफूही आहे. दानशूर म्हणून धडे वाचलेत आपण, पण हा भाग शाळेत कोणी सांगितला नाही.

१८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली. त्यातली बरीचशी मुंबईहून आलेली. युद्ध झालं, चीन हरला, १८४२ च्या तहात पाच बंदरं उघडली. १८४४ च्या अमेरिकेबरोबरच्या तहात तर एक कलम असं आहे, की अमेरिकी माणसाला चिनी शिक्षक ठेवता येईल, पुस्तकं विकत घेता येतील. भाषा शिकण्याचा हक्क तहात लिहून घ्यावा लागला, तोही तोफा वाजल्यानंतर. मला तर हे कलम अख्ख्या युद्धापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

मराठी माणूस रीतसर चिनी शिकायला गेला तो बराच नंतर. वसंत परांजपे १९४७ साली पेकिंग विद्यापीठात गेले, व्यापारासाठी नव्हे, भाषेसाठी. १९५४ मध्ये नेहरू चीनला गेले, माओंना भेटले, तेव्हा दुभाषे तेच होते. आपला दुभाषा आपल्या बाजूला बसलेला! मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "बघ, तेच तर म्हणतोय मी."

त्याला उत्तर देणं अवघड आहे. पण भाषा शिकायला वर्ष पुरणार नाही, हे मलाही दिसतंय. वर्गात मँडरिन शिकवणार आणि बाजारातले जुने लोक आपसात कँटनीज बोलणार, म्हणजे वर्षानंतरही त्या वीस मिनिटांतली पाच-सात हातून निसटणारच. आणि इकडे घराचा हप्ता आहे, त्याला काही भाषा कळत नाही.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे : शिकण्याचा उद्देश. मामा म्हणतो, "धंदा" लिही. बाकी सगळा फॉर्म भरून झालाय, तेवढाच रकाना कोरा आहे. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही. ती हा भाग ऐकत असेल, तर आता कळलंच.

भेटू पुढच्या भागात.