ल्यूटच्या तारा : आतडे, नायलॉन आणि नादाचा पुरावा

प्रस्तावना

वाद्यांच्या इतिहासाची साधने साधारणतः तीन प्रकारची असतात : प्रत्यक्ष वाद्ये, लिखित संगीत आणि समकालीनांचे ग्रंथ. युरोपातील ल्यूट या वाद्याबाबत ही तिन्ही साधने उपलब्ध आहेत. अरबी ‘ऊद’पासून उद्भवलेले, गोलाकार पोटाचे आणि जोडतारांचे हे वाद्य सोळाव्या व सतराव्या शतकांत राजदरबारापासून सुखवस्तू घरांपर्यंत पोहोचले होते. त्याच्यासाठी लिहिलेल्या हजारो रचना टिकून आहेत, वाद्येही संग्रहालयांत जपलेली आहेत. टिकली नाही ती तार. तार ही झिजणारी, तुटणारी आणि तुटली की फेकून देण्याची वस्तू. तिचे जतन कोण करणार? त्यामुळे आज ल्यूटवर आतड्याची तार चढवावी की कृत्रिम, हा प्रश्न केवळ वादकाच्या सोयीचा किंवा आवडीचा राहत नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार ऐतिहासिक पुराव्याचा प्रश्न म्हणून केला आहे.

आतड्याच्या तारेसाठी मराठीत ‘तांत’ हा जुना शब्द आहे आणि सारंगीच्या मुख्य तारा परंपरेने याच जातीच्या असल्याने मराठी वाचकाला ही वस्तू अगदीच परकी नाही. इंग्रजीत तिला ‘कॅटगट’ म्हणतात. मांजराचा तिच्याशी काही संबंध नाही. मेंढीचे लहान आतडे स्वच्छ करायचे, क्षारयुक्त पाण्यात भिजवायचे, ओले असतानाच पीळ द्यायचा, ताणून वाळवायचे आणि घासून गुळगुळीत करायचे, अशी ती कृती. प्रत्येक तार सजीवाच्या शरीरातून आलेली असल्याने एकसारखी निघेलच याची शाश्वती नसे. जॉन डाउलंड या इंग्रज वादक-रचनाकाराने १६१० मध्ये आपल्या मुलाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ल्यूटविषयक सूचना दिल्या, त्यांत तारांची निवड हा मोठा भाग आहे. तारेची दोन टोके हातांत ताणून धरून ती छेडावी. कंप पावताना दोन स्पष्ट रेषा दिसल्या तर तार खरी, अधिक दिसल्या तर खोटी, ही परीक्षा त्या काळी सर्वज्ञात होती.

तारेने ठरवलेले वाद्य

तारेची लांबी, ताण व वजन यांवर स्वर कसा अवलंबून असतो, याचे नियम मारँ मर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ मध्ये मांडले. त्यांतून निघणारी एक गोष्ट लक्षणीय आहे. तार जाड केली तरी ती अधिक उंच स्वर सहन करू शकत नाही, कारण जाडीबरोबर बळ वाढते तसे वजनही वाढते. आतड्याच्या तारेची मीटरमधील लांबी आणि तिची प्रतिसेकंद कंपने यांचा गुणाकार सुमारे २६० झाला की ती तुटते. ६० सेंटिमीटर लांबीच्या ल्यूटवरील सर्वांत उंच तार आजच्या मापाने ३९२ कंपनांच्या स्वराला लावली, तर हा गुणाकार २३५ येतो. म्हणजे तार तुटण्याच्या मर्यादेपासून दोन अर्धस्वरांपेक्षाही कमी अंतरावर असते. सोळाव्या शतकातील शिक्षक ‘पहिली तार सहन करील तितकी चढवा, मग बाकीच्या तिच्याशी जुळवा’ असे का सांगत, ते यावरून कळते. वाद्याचा आकारच आतड्याच्या बळाने ठरवलेला होता. थॉमस मेस याने १६७६ मध्ये ल्यूट दिवसा वापरात असलेल्या बिछान्यात, पांघरुणाच्या घड्यांत ठेवण्याचा सल्ला दिला. तो आज विनोदी वाटतो; पण दमट हवेने सारंगीचा सूर हललेला ज्यांनी अनुभवला आहे त्यांना तो तितकासा विनोदी वाटणार नाही.

खर्जाचा प्रश्न

खरी अडचण खर्जात आहे. ताण तोच ठेवून दोन सप्तके खाली जायचे तर तार चौपट जाड हवी. वरची तार ०.४२ मिलिमीटरची असेल तर सहावी सुमारे १.७ मिलिमीटरची होते. इतकी जाड, साध्या पिळाची तांत ताठर असते. तिचा नाद बोथट येतो आणि लवकर विझतो. म्हणून खर्जाच्या जाड तारेशेजारी एक सप्तक वरची बारीक तार जोडण्याची पद्धत होती. ती इंग्लंडमध्ये विशेष रूढ असली तरी जाणकारांनी सोडून दिली आहे, असे डाउलंड नोंदवतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सहाव्या जोडीच्या खाली सातवी जोडीही येऊ लागली होती. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर मधल्या काळात खर्जाची तार सुधारली असली पाहिजे, असे अनुमान निघते. मात्र कशी सुधारली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. कारागिराची विद्या ग्रंथात क्वचितच उतरते.

इफ्राइम सेगरमन यांनी दोरासारखी, अनेक पेडांची वळलेली लवचीक तार हे याचे उत्तर मानले. इटलीतील तारनिर्माते व संशोधक मिम्मो पेरुफो यांनी १९९० च्या दशकात वेगळे उत्तर पुढे आणले : आतड्यात धातूंचे क्षार मुरवून त्याचे वजन वाढवले जात असावे. त्यांचा आधार दुहेरी आहे. जुन्या ल्यूटच्या घोडीवरील छिद्रे साध्या जाड तांतीला पुरणार नाहीत इतकी लहान आहेत आणि समकालीन चित्रांत खर्जाच्या तारा तांबूस वा तपकिरी रंगाच्या दिसतात. छिद्रांचा पुरावा वजनदार आहे. चित्रकाराचा रंग तितका नाही, कारण रंग शोभेसाठीही दिला जात असेल. वादाचा निकाल अद्याप लागलेला नाही. तांतीवर धातूची तार गुंडाळण्याची युक्ती मात्र निश्चित नंतरची आहे. जॉन प्लेफर्ड १६६४ मध्ये तिचा उल्लेख नवा शोध म्हणून करतो.

नायलॉनचे आगमन

नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात आतडे शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागले, तेव्हा गिटारवादकांनी नायलॉनची तार स्वीकारली आणि युद्धोत्तर ल्यूट-पुनरुज्जीवनाला ती आयतीच मिळाली. १९५० च्या दशकात ल्यूट लोकप्रिय करणारे ज्युलियन ब्रीम हे मुळात गिटारवादक. त्यांची वाद्ये जड बांधणीची होती आणि त्यांवर आतड्याचे बांधीव पडदे नसून धातूचे पक्के पडदे होते. १९७० च्या दशकात कारागीर जुन्या हलक्या बांधणीकडे वळले, तरी खर्जावर धातू गुंडाळलेल्या कृत्रिम तारा सर्रास राहिल्या.

इथे इतिहासाचे नुकसान झाले. अशा तारेची आस लांब असते. खर्जाचा स्वर पुढच्या सुरावटीत रेंगाळतो आणि वादकाला तो अंगठ्याने दाबून थांबवावा लागतो. सुमारे १६७० च्या, मेरी बर्वेल हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्लिश हस्तलिखितात लांब खर्जतारांच्या रेंगाळणाऱ्या नादामुळे होणाऱ्या गोंधळाची तक्रार आढळते. म्हणजे ज्या गुणाने विसाव्या शतकातील श्रोता मोहित झाला, तो त्या काळी दोष मानणारेही होते.

तथापि ‘तांत म्हणजे अस्सल, कृत्रिम म्हणजे नक्कल’ हा निष्कर्षही घाईचा ठरेल. तांतीची घनता सुमारे १.३, नायलॉनची १.१, तर मासेमारीच्या दोऱ्यातून वाद्यांवर आलेल्या, ‘कार्बन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तारेची १.८ च्या आसपास आहे. त्यामुळे त्याच स्वराला व ताणाला नायलॉनची तार तांतीहून सुमारे ९ टक्के जाड, तर कार्बनची सुमारे १५ टक्के बारीक घ्यावी लागते. बोटाला आणि कानाला हा फरक लगेच जाणवतो. १९९७ मध्ये पेरुफो यांच्या ‘अक्विला’ कंपनीने तांतीच्याच घनतेची कृत्रिम तार आणली. वरच्या तारांपुरती ती तांतीच्या जवळ जाते आणि हवेने बिघडत नाही.

खर्जात तर पारडे उलटेही फिरू शकते. आज विकली जाणारी गुळगुळीत, साध्या पिळाची जाड तांत डाउलंडच्या हाताखाली होती, असे कोणी खात्रीने म्हणू शकत नाही. जुन्या घोडीची छिद्रे तर तिच्या विरुद्धच साक्ष देतात. पेरुफो यांनी वजन वाढवलेली तांत काही वर्षे तयार केली. पुढे त्यांच्याच कंपनीने तांब्याची पूड मिसळलेली लवचीक कृत्रिम तार बाजारात आणली. बारीक, वजनदार आणि लवकर विझणारी ही तार जुन्या घोडीच्या छिद्रातून सहज जाते.