मूत्रपिंडातील जलमार्गांवर संप्रेरकाचा ताबा

निरोगी प्रौढाच्या मूत्रपिंडांत दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. मूत्र मात्र दीड-दोन लिटरच होते. बाकीचे पाणी रक्तात परतते. त्यातील शेवटचा हिस्सा किती परतवायचा, हे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक ठरवते.

शरीरातील पाणी घटले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन रक्तात येते. मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांतील पेशींना त्याचा संदेश मिळताच, पेशींच्या आत सूक्ष्म पिशव्यांत राखून ठेवलेले अ‍ॅक्वापोरिन-२ हे प्रथिन पृष्ठभागावर येते आणि पाण्याला वाट मिळते. गरज सरली की ते पुन्हा आत ओढले जाते. पेशींतील अशा जलमार्गांच्या शोधाबद्दल अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हे संप्रेरक अपुरे पडले, किंवा मूत्रपिंडाने त्याला दाद दिली नाही (लिथियमच्या दीर्घ उपचारानेही असे घडू शकते), तर तीव्र विकारात दिवसाला दहा लिटरहून अधिक लघवी होते. या विकाराचे प्रचलित नाव ‘डायबेटिस इन्सिपिडस’. साखरेशी मात्र त्याचा काहीही संबंध नाही. नावाच्या या घोळामुळे रुग्णालयातच डेस्मोप्रेसिन हे आवश्यक औषध न मिळून रुग्ण दगावल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणूनच २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ आणि ‘व्हॅसोप्रेसिन-प्रतिरोध’ अशा अर्थाची नवी नावे सुचवली.