कोलार सुवर्णक्षेत्र
कर्नाटक राज्यातील सोन्याच्या खाणींचे प्रसिद्ध क्षेत्र. येथील सोने दक्षिणोत्तर सु. ८० किमी. लांबीच्या अरुंद सुभाजा पट्ट्यात सापडते. हे खडक धारवाडी गटातील असून त्यांचे वय सु. २७० कोटी वर्षे आहे. मूळच्या बेसाल्टी लाव्ह्याचे खोल पुरल्या गेल्यावर उष्णतेने व दाबाने हॉर्नब्लेंडयुक्त खडकात रूपांतरण झाले.

हे सोने शिलारसातूनच थेट आले, असे पूर्वी अनेकांना वाटे. आता रूपांतरणात खडकांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला अधिक महत्त्व दिले जाते. तापमान सु. ५००° से.कडे जाऊ लागले की क्लोराइटासारख्या खनिजांतील पाणी मुक्त होते व त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड आणि गंधकही निघते. गंधकाशी संयोग पावून सोने या पाण्यात विरघळते. भूकंपाने विभंग उघडला, की दाब एकाएकी उतरतो आणि क्वॉर्ट्‌झाबरोबर सोनेही भेगेत साचते. भोवतीच्या खडकातील लोहाने गंधक ओढून घेतले तरी हेच घडते. सामान्य खडकात टनामागे सोने जेमतेम २ मिग्रॅ. असते. या हिशेबाने कोलारमधून निघालेल्या सु. ८०० टन सोन्यासाठी निदान १३० घ. किमी. खडक धुतला गेला असला पाहिजे.

स्थानिक लोक माती धुऊन सोने काढीत. १८०२ मध्ये म्हैसूर राज्याच्या सीमेची मोजणी करणारा लेफ्टनंट जॉन वॉरन याने ते पाहिले. मायकेल लॅव्हेल याला १८७५ मध्ये परवाना मिळाला. तथापि खरे यश जॉन टेलर अँड सन्स या कंपनीला, १८८० नंतरच्या दशकात प्राचीन खड्ड्यांच्या खाली खोदल्यावर आले. जुन्या खाणकऱ्यांनी शीर अचूक हेरली होती. पाण्याने व साधनांच्या अभावाने ते अडले असावेत. शिवसमुद्रम् येथील वीज १९०२ मध्ये येथे पोहोचली.

चँपियन शिरेचा पाठपुरावा करीत खाण ३ किमी.हून खोल गेली. तेथे खडकाचे तापमान ६०° से.च्या वर असे. दाबाखालील कठीण खडक अकस्मात फुटून अनेक कामगार दगावले; यांतील बहुसंख्य तमिळ व तेलुगू भाषक स्थलांतरित होते. खोलीबरोबर खर्च वाढला, धातुकाचा कस उतरला व २००१ मध्ये खाणी बंद झाल्या. सायनाइड प्रक्रियेनंतर उरलेल्या भुकटीचे ढीग मात्र गावाभोवती राहिले. राज्यातील हट्टी येथील खाण चालू आहे.