तीन तारांची वीज आणि लहान कारखाना

नाशिकच्या भांडी बाजारांतून तांबट आळीकडे वळणाऱ्या माणसास एके काळीं वाट विचारावी लागत नसे. हातोड्यांच्या ठोक्यांवरून ती आपोआप कळे. येथील तांब्यापितळेच्या भांड्यांची नोंद १८८३ सालच्या जिल्हा गॅझेटियरांत आहे. या धंद्यास शक्ति कोण पुरवितो, असें त्या वेळीं कोणी विचारलें असतें, तर तांबटानें आपला उजवा दंड पुढें केला असता. तो दंड त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें यंत्र आलें तेव्हां शक्ति प्रथम दुसऱ्याची झाली.

इंजिनावर चालणारा जुना कारखाना ज्यांनीं पाहिला नसेल, त्यांनीं जुन्या पिठाच्या गिरणीची आठवण करावी. कोपऱ्यांत एक इंजिन. छताखालीं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला लोखंडी दांडा. दांड्यावर चाकें, आणि चाकांवरून एकेका यंत्राकडे उतरणारे पट्टे. एकच लेथ चालवावयाचा असला तरी सारा दांडा फिरवावा लागे. निसटलेला पट्टा चढवितांना कोणाचा हात जाई, तर कोणाचा जीवहि जाई. शिवाय इंजिन ज्याचें त्याचाच दांडा, आणि दांडा ज्याचा त्याच्याच छपराखालीं इतरांनीं मजुरीस यावयाचें! कारखाने अवाढव्य होण्यास भांडवलाइतकाच हा दांडाहि कारण झाला, असें माझें मत आहे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत भांडवलास प्रकरण मिळतें; दांड्यास तळटीपहि मिळत नाहीं.

हा दांडा मोडण्याचें सामर्थ्य विजेंत होतें. पण दिव्याच्या विजेंत तें पुरेसें नव्हतें. घरांतील दोन तारांमधला प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनें करतो, आणि तेवढ्यांत त्याचा जोर शंभर वेळां शून्यावर येतो. दिव्यास हें चालतें. मोटरीस मात्र अशा विजेवर आपण होऊन फिरूं लागतां येत नाहीं. तिला आरंभीं वेगळा टेकू द्यावा लागतो. जात्यावर एकटी बाई दळूं लागली म्हणजे खुंटा एका बाजूस जोरानें येतो व दुसऱ्या बाजूस ढिला पडतो. तिघींचे हात पाठोपाठ पडले तर जातें एका लयींत फिरतें. तीन फेजची वीज म्हणजे हे तीन हात. तीन तारांतील प्रवाह एकमेकांच्या मागून एकतृतीयांश आवर्तनाच्या अंतरानें चालतात, आणि मोटरीच्या पोटांत चुंबकाचें एक फिरतें क्षेत्र उत्पन्न होतें. इटलींत फेरारिस व अमेरिकेंत टेस्ला यांनीं फिरत्या क्षेत्राची कल्पना सिद्ध केली. रशियांत जन्मलेल्या दोलिवो-दोब्रोवोल्स्की यानें जर्मनींत १८८९ च्या सुमारास तिला तीन फेजच्या मोटरीचें रूप दिलें. आणि १८९१ सालीं लाउफेन येथील धबधब्याची वीज १७५ किलोमीटरांवरील फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत पोंचली. या मोटरींत झिजणारें असें बेअरिंगांवांचून फारसें कांहीं नाहीं. ती उलट फिरवावयाची असल्यास कोणत्याहि दोन तारांची अदलाबदल करावी, बस्स.

आपल्याकडे खोपोलीची टाटांची वीज १९१५ सालीं मुंबईस गेली, ती मुख्यतः कापडाच्या गिरण्यांकडे. म्हणजे ज्यांच्याजवळ दांडे होते त्यांच्याचकडे. नाशिक जिल्ह्यांत १९३० सालीं विजेची आगगाडी कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत आली. परंतु तिच्या तारेंतील वीज एकाच दिशेनें वाहणारी, पंधराशें व्होल्टांची. कारागिराच्या कामीं ती येणारी नव्हती. त्याच वर्षीं मार्चच्या २ तारखेस नाशकांत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेते डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळांत व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूर खात्याचे सभासद होते, आणि विजेचें धोरण त्याच खात्याकडे होतें. स्वस्त व मुबलक विजेवांचून औद्योगिक उन्नति व्हावयाची नाहीं, हें त्यांनीं १९४३ मध्यें स्पष्ट मांडलें. मंदिराच्या दाराविषयीं आपण पुष्कळ लिहिलें. या दुसऱ्या दाराविषयीं फारच थोडें. १९४८ चा वीजपुरवठ्याचा कायदा झाला तेव्हां तें खातें काकासाहेब गाडगीळांकडे होतें.

पुढील गोष्टी भराभर घडल्या. १९६० सालीं राज्याचें वीज मंडळ, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ, नंतर सातपूरची वसाहत, आणि १९७० च्या सुमारास एकलहऱ्याचें औष्णिक केंद्र. आतां दोन लेथांचा धनीहि कारखानदार म्हणवूं लागला. प्रत्येक यंत्रास स्वतःची मोटर, आणि दांडा कोणाचाहि नाहीं.

पण तीन तारांचें स्वातंत्र्य तिन्ही तारांवर अवलंबून असतें. माझ्या लहानपणीं सातपूरास आमच्या एका शेजाऱ्याचा असाच लहान कारखाना होता. एका पावसाळ्यांत खांबावरील एक फ्यूज गेला. चालत्या मोटरीस हें कळत नाहीं. उरलेल्या दोन तारांतून दीडपटीहून अधिक प्रवाह ओढून ती आपलें काम रेटते. आवाज जड झाल्याचें कोणाच्या ध्यानांत येईपर्यंत जळक्या वार्निशाचा वास सुटला होता. फेज गेल्यास मोटर बंद करणारी पेटी तेव्हांहि मिळे. ती घेणें त्यानें पुढच्या महिन्यावर ढकललें होतें. मोटरीची गुंडाळी नवी होईपर्यंत मालाची मुदत टळली, एक लेथ विकावा लागला, आणि वर्षभरांत तो दुसऱ्याच्या कारखान्यांत नोकरीस लागला. या शतकाच्या पहिल्या दशकांत भारनियमन होतें, तेव्हां खेड्यांत रात्रीं दिव्यापुरतीच फेज मिळे. शेतकरी कॅपॅसिटर लावून तिच्यावर तीन फेजचे पंप चालवीत आणि मोटरी जाळून घेत. त्यांस अडाणी म्हणणें सोपें आहे. पीक वाळतांना पाहणें अवघड.

आतां घरगुती दोन तारांपासून तीन फेज बनविणारी इलेक्ट्रॉनिक पेटी दोन-तीन अश्वशक्तीच्या मोटरीसाठीं सहज मिळते. मोटरीची जोडणी मात्र स्टारऐवजीं डेल्टांत करावी लागते. गेल्या दिवाळींत त्या शेजाऱ्याच्या मुलानें घराच्या पडवींत असा एक जुना लेथ उभा केला. म्हातारा खुर्चींत बसून मोटरीचा आवाज ऐकत होता. कळ दाबतांच लेथ उलटा फिरला. मुलानें वीज बंद केली, थोडा वेळ थांबला, आणि मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल केली.