चार गिगाबाइटचा लॅपटॉप : घरगुती संगणक स्वस्त कसा झाला? (थ्रेड)

आज घरासाठी स्वस्त लॅपटॉप शोधणारा माणूस दुकानात एकच प्रश्न विचारतो : "इंटरनेट, मुलांचा अभ्यास, थोडे टंकलेखन, एखादा चित्रपट, एवढ्यापुरता किती खर्च करावा?" प्रश्न साधा आहे. परंतु 'एवढ्यापुरता' लॅपटॉप ही वस्तूच २००७ पूर्वी बाजारात जवळजवळ नव्हती. ती कशी जन्मली आणि सहाच वर्षांत कशी नाहीशी झाली, त्याचा हा इतिहास.

कल्पना मात्र जुनी होती. १९७२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात ॲलन के या संशोधकाने 'डायनाबुक' नावाच्या यंत्राचा आराखडा लिहिला. वहीएवढा, मुलांना हाताळता येईल असा आणि पाचशे डॉलरच्या आत बसणारा संगणक. तो कधीच बनला नाही. पुढे १९८१ मध्ये आलेला ऑसबोर्न-१ हा 'उचलून नेता येणारा' संगणक १,७९५ डॉलरचा होता, त्याचे वजन सुमारे ११ किलो आणि पडदा पाच इंचांचा. शिलाई मशीन उचलून नेण्याची सवय असलेल्यालाच तो 'हलका' वाटला असता.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत बाजाराचा एक अलिखित नियम ठरून गेला : यंत्र जितके लहान तितके महाग. १९९६ चा तोशिबाचा लिब्रेटो तळहातापेक्षा थोडाच मोठा होता, पण तो श्रीमंत व्यावसायिकांसाठी. सामान्य घराच्या वाट्याला आला तो टेबलावरचा जड डेस्कटॉप.

हा नियम मोडण्याची घोषणा बाजारातून नव्हे, विद्यापीठातून झाली. जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे ठेवली. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' हे तिचे ब्रीद. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूनिस येथे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत नमुना दाखवण्यात आला. वीज नसलेल्या गावांसाठी त्याला हाताने फिरवायचा दांडा होता. प्रात्यक्षिकात तो अन्नान यांच्या हातातच निखळून आला. अंतिम यंत्रातून दांडा वगळला गेला, हे सांगणे नलगे.

या यंत्राचे, म्हणजे एक्सओचे, खरे वैभव त्याच्या पडद्यात होते. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला हा पडदा भर उन्हात वाचता येई आणि तेव्हा मागचा दिवा बंद ठेवता येत असल्याने वीजही वाचे. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी १ गिगाबाइटची फ्लॅश मेमरी, रॅम अवघी २५६ मेगाबाइट. तरीही २००७ अखेर उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत १८८ डॉलरच्या आसपास होती. पडदा, प्रोसेसर, मेमरी, बॅटरी या चौघांची बेरीज सदिच्छेने कमी होत नाही. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तर २००६ मध्येच ही योजना नाकारली होती. तरी काही यंत्रे महाराष्ट्रात पोहोचली : रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, एका लहानशा वाडीवरील शाळेत २००७ मध्ये त्यांचा प्रयोग झाला.

पण एक्सओचा खरा परिणाम त्याच्या विक्रीत शोधू नये. स्वस्त लॅपटॉपला गिऱ्हाईक आहे, ही शंका त्याने तैवानच्या कारखानदारांच्या मनात पेरली.

ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असूस कंपनीने ई-पीसी ७०१ बाजारात आणला. सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट रॅम, ४ गिगाबाइट साठवण, वजन एक किलोहून कमी. जूनमध्ये १९९ डॉलरची भाषा झाली होती. अमेरिकेत या आवृत्तीची किंमत प्रत्यक्षात ३९९ डॉलर निघाली, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १६,००० रुपये. तरीही लोक तुटून पडले. आत विंडोज नव्हतेच. लिनक्सवर मोठाली चित्रे आणि 'इंटरनेट', 'काम', 'शिक्षण', 'खेळ' असे कप्पे. घराला नेमके काय लागते याचे इतके प्रामाणिक उत्तर त्याआधी कुणी दिले नव्हते.

येथून पुढची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण आता मोठ्यांना भीती वाटू लागली. २००८ मध्ये इंटेलने ॲटम हा स्वस्त प्रोसेसर आणला आणि 'नेटबुक' हा वर्गच उभा राहिला. मायक्रोसॉफ्टची अडचण वेगळी होती. नवी व्हिस्टा या दुबळ्या यंत्रांवर चालेना आणि जुनी एक्सपी तर निवृत्तीच्या वाटेवर. एप्रिल २००८ मध्ये कंपनीने केवळ या स्वस्त यंत्रांसाठी एक्सपी होमचे आयुष्य जून २०१० पर्यंत वाढवले. सवलतीला अटी होत्या : रॅम १ गिगाबाइटच्या पुढे नको, पडदा ठरावीक मापाहून मोठा नको. यंत्र स्वस्त असावे, पण महागड्या यंत्राची जागा घेण्याइतके चांगले नसावे, हा त्यामागचा हिशेब. पुढे विंडोज ७ ची 'स्टार्टर' आवृत्ती आली. एका वेळी तीनच प्रोग्राम चालवू देण्याची मर्यादा टीकेनंतर २००९ मध्ये मागे घेण्यात आली. पण पडद्यामागचे चित्र बदलण्याची मुभा शेवटपर्यंत दिली नाही! त्या मनाईत तांत्रिक गरज शोधूनही सापडत नाही.

नेटबुकला मारले कुणी? सहसा जानेवारी २०१० मध्ये जाहीर झालेल्या आयपॅडकडे बोट दाखवले जाते. ते अर्धसत्य आहे. ज्या यंत्राची वाढ अटींनी रोखली होती, ते दोन वर्षांत जुनाट दिसू लागले. टॅब्लेटने फक्त शेवटचा धक्का दिला. २०१३ उजाडताना असूस आणि एसर दोघांनीही नेटबुक बनवणे थांबवले होते.

स्वस्त लॅपटॉपची ओढ मात्र संपली नाही. २०११ मध्ये क्रोमबुक आले. बहुतेक काम ब्राउझरमध्ये, साठवण थोडी. २०१४ च्या सुमारास दोनशे डॉलरचे विंडोज लॅपटॉपही पुन्हा दिसू लागले. त्यांत मदरबोर्डवरच डाखलेली ३२ गिगाबाइट साठवण होती, म्हणजे बदलण्याची सोय नाही. ई-पीसी ७०१ मध्येही ४ गिगाबाइट अशीच डाखलेली होती. निदान त्याची रॅम खाचेतून काढून वाढवता येई. ३२ पैकी बरीचशी जागा विंडोज स्वतःच व्यापी. पुढे विंडोज १० चे मोठे अपडेट आले, की पडद्यावर जागा अपुरी असल्याची सूचना झळके आणि स्वस्तात घेतलेल्या लॅपटॉपच्या मालकाला आधी एक पेन ड्राइव्ह शोधावा लागे.