बहुभाषिक शुद्धलेखन-तपासणी

एकाच दस्तऐवजातील भिन्न भाषांचा मजकूर त्या त्या भाषेच्या शब्दसंग्रहाशी व नियमांशी संगणकाने ताडून पाहण्याची पद्धती.

उगम : संगणकीय तपासणी १९७० च्या दशकात इंग्रजीपुरती रूढ होऊ लागली. पुढे मूळ हंगेरियनसाठी रचलेल्या हंस्पेल प्रणालीमुळे प्रत्ययबहुल भाषांचीही सोय झाली. मराठीसाठी प्रमाण मानले जाणारे नियम अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे असून ते १९६२ मध्ये शासनमान्य झाले; १९७२ मध्ये त्यांत भर पडली (पहा : शुद्धलेखन, मराठी).

वैशिष्ट्ये : रोमन व देवनागरी मजकूर लिपीवरूनच वेगळा काढता येतो. मराठी व हिंदी यांना मात्र युनिकोडमध्ये एकच देवनागरी विभाग असल्याने (पहा : देवनागरी, युनिकोड) परिच्छेदाला किंवा शब्दाला भाषेची खूण जोडावी लागते. खूण चुकल्यास मराठी ‘कवी’, ‘गुरू’ हिंदीच्या कोशात आणि हिंदी ‘कवि’, ‘गुरु’ मराठीच्या कोशात अशुद्ध ठरतात. ग्वाल्हेरमधील दौलतगंज या वस्तीच्या नावापासून ‘दौलतगंज में’ हे हिंदीत दोन शब्द, तर मराठीत ‘दौलतगंजात’, ‘दौलतगंजातला’ अशी जोडरूपे होतात. ती सगळी कोशात भरणे अशक्य असल्याने मूळ शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम वेगळ्या फायलींत ठेवतात. ‘शिक्षा’सारखा दोन्ही भाषांत शुद्ध, पण भिन्नार्थी शब्द कोणत्याही कोशाच्या हाती लागत नाही.

महत्त्व : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दौलतगंजसारख्या जुन्या मराठी वस्त्यांत घरची मराठी व व्यवहाराची हिंदी शेजारी नांदतात (पहा : ग्वाल्हेर, बृहन्महाराष्ट्र). अशा मिश्र मजकुराला, विशेषतः निमंत्रणपत्रिका व स्मरणिकांना, ही तपासणी उपयोगी पडते.